ट्रेलर ओढायला पिकअप: पेट्रोल की डिझेल? हाफ-टन गाडी घेण्याआधीचा हिशोब

अमेरिकेत ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायची म्हटली की चर्चा थेट इंजिनावर जाते आणि तिथेच घोडं पेंड खातं. पेट्रोल की डिझेल हा प्रश्न क्रमाने चौथा आहे. आधी ट्रेलरचं भरलेलं वजन, मग त्यातलं किती वजन गाडीवर येणार, मग रस्ता कुठला आणि वर्षाला किती मैल. हे आकडे कागदावर आले की बऱ्याच जणांचं इंजिन आपोआप ठरतं, आणि काहींना हाफ-टन गाडीच पुरणार नाही हे पैसे भरण्याआधी कळतं.

हाफ-टन म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हरॅडो १५००, जीएमसी सिएरा १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा या वर्गातल्या गाड्या. २५०० आणि ३५०० च्या मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं असतं. डिझेलबद्दलच्या बऱ्याच समजुती तिथूनच इकडे आल्या आहेत.

बाजारात नेमकं काय आहे

फोर्डने एफ-१५० मध्ये ३.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल २०१८ ते २०२१ एवढंच दिलं. रॅमने ३.० इकोडिझेलचं उत्पादन जानेवारी २०२३ मध्ये थांबवलं. त्यामुळे नवी हाफ-टन डिझेल घ्यायची तर जनरल मोटर्सचं ३.० लिटर, सहा सिलिंडरांचं ड्युरामॅक्स हाच पर्याय उरतो. २०२० च्या मॉडेलला ते २७७ हॉर्सपॉवर आणि ४६० पौंड-फूट टॉर्क घेऊन आलं. २०२३ पासूनच्या सुधारित पिढीत ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ पौंड-फूट मिळतात.

समोर पेट्रोलची रांग आहे. जीएमचं ५.३ व्ही-८ ३५५ हॉर्सपॉवर आणि ३८३ पौंड-फूट देतं, ६.२ व्ही-८ ४२० आणि ४६०. फोर्डच्या ३.५ इकोबूस्टचे आकडे ४०० आणि ५००, रॅमच्या ३.० हरिकेनचे ४२० आणि ४६९, टुंड्राच्या ३.४ ट्विन टर्बोचे ३८९ आणि ४७९.

यात डिझेलचा टॉर्क सर्वांत जास्त नाही हे लक्षात घ्या. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनांनी ते अंतर भरून काढलंय. "ओढायचं तर डिझेलच" हे वाक्य साध्या व्ही-८ च्या काळात खरं होतं. आज त्याला बरेच जर-तर लावावे लागतात.

पायरी १: ट्रेलरचं खरं वजन

कॅम्पर ट्रेलरच्या (मागे ओढायच्या फिरत्या घराच्या) जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं ते कोरडं वजन. त्यात बॅटरी, भरलेले प्रोपेन सिलिंडर, पाणी, भांडी-कुंडी, अंथरूण-पांघरूण यांतलं बहुतेक काही नसतं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. म्हणून हिशोब करायचा तो ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे भरल्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल त्या आकड्यावर. हा आकडा ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूच्या स्टिकरवर छापलेला असतो.

समजा तो ७,००० पौंड आहे. कॅम्परचा १० ते १५ टक्के भार हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या) गोळ्यावर यायला हवा. कमी आला तर हायवेवर शेपूट हलायला लागतं, आणि ते एकदा लयीत हलू लागलं की सावरणं अवघड असतं. हिशोबाला १३ टक्के धरा: ९१० पौंड.

ट्रेलर हलका असेल तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही. ढोल-ताशा पथकाचं सामान किंवा गणेशोत्सवाची सजावट न्यायला लागतो तो ६ बाय १२ फुटांचा एका आसाचा बंद ट्रेलर बहुधा २,९९० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा असतो. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात, म्हणून कारखानदार त्याच्या आत राहतात. (कॅलिफोर्नियात कॅम्पर ट्रेलरसाठी ही मर्यादा १,५०० पौंडांची आहे, तिथे कॅम्पर ब्रेकवालाच बघा.) एवढ्या वजनाला कुठलंही पेट्रोल इंजिन चालतं. डिझेलवर एक डॉलरही जास्त घालू नका.

पायरी २: दाराच्या चौकटीवरचा स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पट्टीचा पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो त्या एका गाडीचा पेलोड. ब्रोशरमधला "१३,३०० पौंड ओढते" हा आकडा विसरा, कारण हाफ-टन गाडीत बहुतेक वेळा हा पेलोडच आधी संपतो.

स्टिकरवर १,६५० पौंड आहेत असं धरू. हिचवरचा भार ९१०, वजन विभागणाऱ्या हिचचं (दांड्यांनी भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवरही वाटणाऱ्या जोडणीचं) स्वतःचं ९०, दोन मोठी आणि दोन वाढत्या वयाची मुलं मिळून ६००. झाले १,६००. आता उरलेल्या ५० पौंडांत कूलर, सायकली, जनरेटर आणि बेडवरचं (मागच्या सामानाच्या हौद्यावरचं) झाकण बसवून दाखवा! ओढण्याच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी अजून शिल्लक असेल, पण गाडी भरली.

डिझेलचं पहिलं खरं नुकसान इथे दिसतं. इंजिन, टर्बो, एक्झॉस्टमधली गाळणी, डीईएफची (एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी या सगळ्यामुळे त्याच केबिनच्या आणि त्याच ट्रिमच्या (सोयींच्या श्रेणीच्या) डिझेल गाडीचा पेलोड साधारण १०० ते २०० पौंडांनी कमी भरतो. सनरूफ, चामड्याच्या सीट, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या असलेलं वरचं ट्रिम घेतलं की आणखी कमी. म्हणून डीलरला फोन करून एकच गोष्ट मागा: त्याच गाडीच्या स्टिकरचा फोटो. टाळाटाळ झाली तर दुसरा डीलर पाहा.

त्याच वेळी मागच्या बंपरखालच्या हिच रिसीव्हरवरचं लेबल वाचा. त्यावर दोन आकडे असतात: वजन विभागणाऱ्या हिचशिवायचा आणि तिच्यासकटचा. अनेक एफ-१५० वर पहिला आकडा ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड हिचभार एवढाच असतो. असं लेबल असेल तर गाडी कितीही दणकट असो, ७,००० पौंडांच्या ट्रेलरला वजन विभागणारी हिच लागतेच.

हिचवरचा भार १,००० पौंडांच्या पुढे जात असेल आणि माणसं चार असतील तर २५०० कडे वळा. तिथेही पेट्रोल इंजिनवाल्या गाडीचा पेलोड डिझेलपेक्षा जास्त असतो, एवढं सांगून तो विषय सोडतो.

पायरी ३: रस्ता किती चढाचा, किती उंचीचा

ओढण्याची क्षमता एसएई जे-२८०७ या मानकानुसार ठरते. त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: ११.४ मैल, कडक उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे कंपनीने दिलेला आकडा ताशी ४० मैलांचा आहे, ६५ चा नाही.

चढावर लागणारी शक्ती कागदावर काढता येते. गाडी आणि ट्रेलर मिळून १३,००० पौंड, चढ ६ टक्के, वेग ताशी ६० मैल. चढ मागे खेचतो ७८० पौंडांनी. त्यासाठी १२५ हॉर्सपॉवर. उंच, चौकोनी कॅम्परला हवा कापायला आणि टायरच्या घर्षणाला आणखी ६० ते ८०. गिअरबॉक्स आणि आसांमधली घट धरली की इंजिनाकडून सुमारे २२० ते २४० हॉर्सपॉवर सलग हवेत.

आता उंची. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे ५.३ व्ही-८ चे ३५५ हॉर्सपॉवर २४० च्या आसपास उतरतात, म्हणजे इंजिन तांबड्या रेषेजवळ किंचाळत असतं आणि हाती राखीव काही नसतं. टर्बो पेट्रोल आणि टर्बो डिझेल मात्र बरीचशी शक्ती टिकवून धरतात. त्यामुळे रॉकी पर्वतात खरी निवड टर्बो असलेलं की नसलेलं अशी होते. इंधनाचा प्रश्न त्यानंतरचा.

चढ चढण्याचा वेग हॉर्सपॉवरवर ठरतो. म्हणून ४०० हॉर्सपॉवरचं इकोबूस्ट ३०५ च्या ड्युरामॅक्सला घाटात मागे टाकणार. डिझेलचं सुख वेगळं आहे: मध्यम चढांवर ते कमी आरपीएमवर, गिअर फार न बदलता, आवाज न वाढवता ओढत राहतं. सलग सहा तास गाडी चालवणाऱ्याला हे सुख कळतं. आठवड्याअखेरीस चाळीस मैलांवरच्या तळ्यापर्यंत बोट नेणाऱ्याला ते जाणवायच्या आधीच तळं येतं.

उतारावर एक तांत्रिक मेख आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे पाय काढला की इंजिन गाडीला मागे धरतं. मोठं व्ही-८ तर छानच धरतं. डिझेलचा पाय काढल्यावर असा विरोध फारसा होत नाही. ती उणीव टर्बोची पाती बंद करून एक्झॉस्ट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो, आणि ३.० ड्युरामॅक्सला तो आहे. जुनी डिझेल बघत असाल तर टो-हॉल मोड (ओढताना गिअर आणि इंजिनब्रेक सांभाळणारी सेटिंग) लावून लांब उतारावर चालवूनच पाहा.

उतरण्याची पद्धत मात्र दोन्हींत सारखी. माथ्यावरच वेग कमी करायचा, टो-हॉल मोड लावायचा, खालचा गिअर घ्यायचा. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून तो दहा मैलांनी उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. सतत हलका ब्रेक धरून ठेवला तर पॅड तापून पकड सोडतात.

पायरी ४: पैशांचा हिशोब

वर्षाला १२,००० मैल, त्यातले ३,००० ट्रेलरसह, असं धरू. ५.३ व्ही-८ ट्रेलरशिवाय १७ आणि उंच कॅम्परसह ९ मैल प्रतिगॅलन देतं असं माना; ड्युरामॅक्स अनुक्रमे २४ आणि १२.५.

पेट्रोल लागलं ५२९ अधिक ३३३, मिळून ८६२ गॅलन. डिझेल ३७५ अधिक २४०, मिळून ६१५. पेट्रोल ३.२० डॉलर आणि डिझेल ३.८० धरलं तर खर्च २,७५८ आणि २,३३७. फरक ४२१ डॉलर. त्यातून डीईएफचे ८०-१०० डॉलर आणि डिझेल फिल्टरचा वाटा वजा केला की हातात साधारण २५० डॉलर उरतात. डिझेलसाठी २,००० डॉलर जास्त मोजले असतील तर वसुलीला आठ वर्षं लागली.

पण तुलना ६.२ व्ही-८ शी केली की चित्र पालटतं. त्याला प्रीमियम पेट्रोल घालायला सांगितलंय. मायलेज तेच धरून भाव ४ डॉलर लावला तर वर्षाचे ३,४४८ होतात आणि डिझेल पहिल्याच वर्षी हजारेक डॉलर वाचवतं. म्हणून "डिझेल परवडतं का" असं मोघम विचारू नका. कुठल्या पेट्रोल इंजिनाऐवजी घेताय ते नाव लिहा आणि तुमच्या पंपावरचे भाव घाला. डिझेल आणि पेट्रोल यांच्या भावातली तफावत राज्याराज्यांत फार वेगळी असते.

पैशांपलीकडचा एक फायदा टाकीचा. २४ गॅलनच्या टाकीवर पेट्रोल गाडी कॅम्परसह जेमतेम १७०-१८० मैल जाते आणि मग पंप शोधावा लागतो. डिझेल आरामात २५० जाते. ५० फुटांची लांबण घेऊन अरुंद पंपावर वळणं हा प्रवासातला सर्वांत कटकटीचा भाग असतो, त्यामुळे हा फरक मोठा आहे. पेट्रोलमध्येही उपाय आहे: एफ-१५० ला काही रचनांत ३६ गॅलनची टाकी मिळते. यलोस्टोनसारख्या लांबच्या सहली ठरलेल्या असतील तर ती आवर्जून मागा.

पायरी ५: ट्रेलर नसताना गाडी काय करते

माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारी गाळणी असते. ती भरली की इंजिन जास्तीचं इंधन वापरून गाळणीचं तापमान ५५०-६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतं आणि काजळी जाळतं. त्याला हायवेच्या वेगाने वीस-तीस मिनिटं लागतात. घर ते शाळा ३ मैल, ऑफिस ५ मैल, किराणा २ मैल अशा फेऱ्यांत हे काम दर वेळी अर्ध्यावर तुटतं. मग गाळणी तुंबते, आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. आठवड्यातून एकदाही अर्धा तास हायवे होत नसेल तर डिझेल घेऊ नका, ट्रेलर कितीही जड असो.

आठवड्यातून तेवढं होत असेल तर पुढची पथ्यं माहीत असू द्या.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ट्रेलर मागे असताना ते जास्त लागतं. इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच वेग कमी करते. डबा विकत घेताना वरची तारीख बघा. फीनिक्सच्या तापलेल्या गॅरेजमध्ये ते लवकर खराब होतं. भरण्याचं निळं झाकण डिझेलच्या तोंडाशेजारीच असतं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवू नका, इंजिन चालू करू नका, गाडी उचलून न्या. पंप आणि इंजेक्टर वाचवण्याची तेवढीच संधी असते. टाकीत चुकून पेट्रोल गेलं तरी हेच. पंपाच्या मुठीच्या रंगावर विसंबू नका: बहुतेक ठिकाणी हिरवी मूठ डिझेलची असते, पण बीपीच्या पंपांवर हिरवी मूठ पेट्रोलची असते.

३.० ड्युरामॅक्सला ७ क्वार्ट ऑइल लागतं, ०डब्ल्यू-२०, पण डेक्सॉस-डी (जीएमचं डिझेल ऑइलसाठीचं प्रमाण) प्रमाणित. झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानात पेट्रोलचं ०डब्ल्यू-२० ठेवलेलं असतं. बाटलीवर तोच आकडा, आत वेगळं ऑइल. ते घालू देऊ नका, गरज पडल्यास बाटल्या स्वतः घेऊन जा.

याच इंजिनात ऑइल पंप फिरवणारा पट्टा इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे. बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. २०२० ते २०२२ च्या पिढीत ही वेळ १,५०,००० मैलांना येते, नंतरच्या पिढीत २,००,००० ला. १,३०,००० मैल झालेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती का स्वस्त आहे ते यावरून ओळखा.

मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या थंडीत साधं डिझेल मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर अडवतं. तिथले पंप हिवाळी मिश्रण विकतात, पण ऑक्टोबरात फ्लोरिडात भरलेली टाकी घेऊन उत्तरेला गेलात तर टाकीत डिझेल घट्ट होऊ न देणारं अँटी-जेल घाला.

पेट्रोलवालेही संत नाहीत. ५.३ व्ही-८ मधले लिफ्टर बिघडण्याच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. ६.२ व्ही-८ साठी एप्रिल २०२५ मध्ये क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषामुळे मोठा रिकॉल झाला. जुन्या ३.५ इकोबूस्टमध्ये थंड इंजिन सुरू करताना कॅम फेझरचा खडखडाट ऐकू येतो का ते तपासावं. टुंड्राच्या २०२२-२३ च्या इंजिनांचाही रिकॉल झालाय. फरक एवढाच की पेट्रोल दुरुस्त करणारा गावोगावी सापडतो.

पायरी ६: ॲक्सल रेशो आणि पॅकेज

इंजिन तेच, गाडी तीच, पण ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीमागे आसाला जोडणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा) ३.२३ ऐवजी ३.७३ असला की ओढण्याची क्षमता बदलते. वापरलेल्या गाडीच्या जाहिरातीत "टो पॅकेज आहे" म्हणतात तेव्हा अनेकदा फक्त हिच आणि वायरिंगचा सॉकेट असतो. ॲक्सल रेशो, मोठा रेडिएटर, डॅशबोर्डवरचा ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा) हे तिन्ही आहेत का ते गाडीच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) डीलरकडून लेखी घ्या.

जुनी डिझेल असेल तर आणखी दोन तपासण्या. एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन घालून रिकॉल पूर्ण झालेत का बघा. रॅम इकोडिझेलला हे फार गरजेचं. आणि गाडीखाली वाकून एक्झॉस्ट पाहा. गाळणीच्या जागी सरळ नळी दिसली तर ती गाडी सोडा. अशी काढाकाढी क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि प्रदूषण तपासणी असलेल्या राज्यात ती पास होणार नाही.

पायरी ७: भरून तोला

पहिल्या मोठ्या सहलीआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) जा. पहिल्या वजनाला साधारण १५ डॉलर, पाठोपाठच्या वजनांना काही डॉलरच. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. माणसं गाडीतच बसलेली असू द्या. तीनदा तोला: वजन विभागणाऱ्या हिचचे दांडे ताणून, दांडे सैल सोडून, आणि ट्रेलर बाजूला लावून नुसती गाडी.

दुसऱ्या वजनातल्या गाडीच्या दोन पाटांच्या बेरजेतून तिसऱ्या वजनातली बेरीज वजा केली की हिचवरचा खरा भार मिळतो. पहिल्या वजनातला मागच्या चाकांचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या मागच्या आसाच्या मर्यादेशी ताडा, पुढची-मागची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरशी, आणि तिन्ही पाटांची बेरीज जीसीडब्ल्यूआरशी (गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजनाशी). मागचा आस मर्यादेबाहेर असेल तर बेडमधलं सामान ट्रेलरच्या आसाच्या वर हलवा. ट्रेलरच्या शेपटाकडे मात्र ढकलू नका.

निघण्याआधी मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाताना ब्रेक कंट्रोलरचा हाताचा खटका दाबा. ट्रेलरने गाडीला मागे ओढल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे. चाकं घासू लागली तर गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) कमी करा. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ५५ आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. ट्रेलरच्या अनेक एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरांची मर्यादा ६५ असते, तीही टायरच्या कडेवर वाचून घ्या.

गाडी कोरी असेल तर डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पर जोडू नका. जीएमच्या पुस्तिकेत पहिले ५०० मैल काहीही ओढू नका असं आहे, आणि ओढण्याच्या पहिल्या ५०० मैलांत ताशी ५० च्या वर जाऊ नका. फोर्ड तर १,००० मैल थांबायला सांगतं. ट्रेलरची चाकं काढून पुन्हा बसवली असतील तर १०, २५ आणि ५० मैलांनंतर थांबून नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.